मा. गीझरसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. गीझरसाहेब,
मुक्काम न्हाणीघर, नळाच्या वर, छताच्या खाली.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपला लाल दिवा लागला की आमच्या घरात सकाळ होते, सूर्य त्यानंतर उगवतो. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागतात, विदर्भात शेकोट्या पेटतात, त्या दिवसांत तर आपला मान विचारूच नये. घरातली वडीलधारी माणसंसुद्धा ‘गीझर लावलाय का?’ एवढं विचारल्याशिवाय पांघरुणातून पाय बाहेर काढत नाहीत. आपल्याला पत्र लिहिण्याचं धाडस आजवर कुणी केलं नसावं. मी करते आहे, कारण आपली कृपा थेट आमच्या डोक्यावर कोसळते आणि तिचे आभार मानायचे राहून गेले आहेत.

पहिले आभार आमच्या टाळूवरच्या तेलाबद्दल. ते आपण दररोज न चुकता काढून नेता.

आमच्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि त्यांच्या मुळांशी तैलग्रंथी असतात. चेहरा आणि डोकं या दोन ठिकाणी त्या सगळ्या अंगापेक्षा दाट असतात. त्यांतून झिरपणारं तेल त्वचेवर पसरतं. त्याखाली, त्वचेच्या अगदी वरच्या थरात, मृत पेशी एकमेकींना धरून बसलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटी सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लांनी बुजवलेल्या असतात. हा बंदोबस्त शाबूत असेल तर आतलं पाणी हवेत उडून जात नाही. टाळूचा ओलावा म्हणतात तो हाच. तो आतून येतो आणि त्याला आतच अडवावं लागतं. बाटलीतून विकत आणलेल्या कुठल्याही पदार्थापेक्षा ही व्यवस्था जुनी आहे आणि बिनखर्चाची आहे.

तूप लागलेली वाटी थंड पाण्यानं निघत नाही, गरम पाण्यानं लगेच निघते. आपण आमच्या टाळूचं नेमकं हेच करता. वाटीचं ठीक आहे, तिला तुपाची गरज नसते. टाळूला असते. पाणी जितकं कढत, तितकं तेल जास्त सुटतं, वरच्या थरातली स्निग्ध द्रव्यंही विरघळून निघतात, आणि मग दिवसभर टाळूतलं पाणी मोकळ्या वाटेनं उडत राहतं. दुपारपर्यंत कातडी ताणल्यासारखी वाटते, संध्याकाळी खाज सुटते, रात्री काळ्या ब्लाऊजच्या खांद्यावर बारीक पांढरी पूड दिसते. एवढं काम दहा मिनिटांच्या आंघोळीत उरकण्याची आपली कार्यक्षमता खरोखर थक्क करणारी आहे.

आपल्या उदारपणाबद्दलही लिहायला हवं. अंगाचं तापमान ३७ अंश. डोक्यावर घ्यायचं पाणी त्याच्या आसपास, फार तर चाळिशीपर्यंत असलं तर टाळूला सोसतं. आपण मात्र टाकीत साठ-सत्तर अंशांचं पाणी तयार ठेवता. साठ अंशांच्या पाण्यानं काही सेकंदांत कातडी भाजते. मागितलं त्याच्या दीडपट देणारा दाता आजच्या काळात दुर्मीळच! आणि आपल्या पोटाशी तापमान कमी करण्याचं एक बटण असतं, हे आपण इतक्या विनयानं लपवून ठेवलं आहे की बहुतेक घरांत गीझर बसवल्या दिवसापासून त्याला कुणाचा हात लागलेला नाही.

आपल्या आधी या घराण्याची गादी तांब्याच्या बंबाकडे होती. बंब काही थंड स्वभावाचा नव्हता. लाकडाच्या ढलप्या आणि कोळसे घातले की त्यातलं पाणीही उकळायचं. पण ते पाणी सरळ डोक्यावर येत नसे. ते घंगाळात किंवा बादलीत काढायचं, त्यात विसण म्हणजे थंड पाणी घालायचं, हात बुडवून पाहायचं, अजून थोडं विसण घालायचं आणि मगच तांब्या भरायचा. विसण घालणं ही रोजची कृती होती आणि तिच्यात टाळूचं सगळं संरक्षण होतं. बाळाला न्हाऊ घालणारी बाई तर आधी स्वतःच्या हातावर पाणी घेऊन बघत असे, आणि चटका जाणवला तर बाळाच्या अंगावर थेंबसुद्धा पडू देत नसे. आपण आलात, आपल्यासोबत भिंतीतला मिक्सर आला आणि विसण घालणारा हात रिकामा झाला. आता आम्ही मूठ लाल खुणेकडे फिरवतो आणि डोळे मिटून खाली उभे राहतो.

आपले जिवलग मित्र शॉवर यांनाही माझा नमस्कार कळवावा. पूर्वी अंगावरून आंघोळ आणि डोक्यावरून आंघोळ अशा दोन वेगळ्या गोष्टी होत्या. डोक्यावरून न्हाणं आठवड्यातून एकदा-दोनदा व्हायचं. कुठल्या वारी न्हायचं आणि कुठल्या वारी नाही, याचे जे नियम बायकांवर लादले गेले त्यांचं मी समर्थन करत नाही. ते गेले ते उत्तम झालं. पण दोन न्हाण्यांच्या मध्ये टाळूला जी उसंत मिळायची, तीही त्यांच्याबरोबर गेली. शॉवरखाली उभं राहिलं की डोकं वाचवता येत नाही. त्यामुळे आता टाळूला रोज कढत पाणी आणि बऱ्याच जणांच्या टाळूला रोज फेससुद्धा. शॉवरसाहेबांनी हा भेद मिटवून जी समता आणली, तिचा त्रास सर्वांत जास्त कोरड्या टाळूच्या माणसांना होतो.

आता जरा घरचं बोलते. माझी आई सत्तरी ओलांडलेली आहे. वय वाढतं तशा तैलग्रंथी मंदावतात, पाळी थांबल्यानंतर बायकांमध्ये तर ठळकपणे. म्हणजे तिच्या टाळूकडे तेल मुळात कमी. हिवाळ्यात तिला खाज सुटते. खाज सुटली की ती पाणी आणखी कढत घेते, कारण चटका बसला की खाज तेवढ्यापुरती दबते. तिला बरं वाटतं, ती आपल्याला दुवा देते. पण चटक्यानं उरलंसुरलं तेलही निघून जातं आणि दुपारी खाज दुपटीनं परत येते. मग नखं. नखांनी ओरखडे. ओरखड्यांवर दुसऱ्या दिवशी पुन्हा कढत पाणी. ज्याच्यामुळे त्रास होतो त्याच्याकडेच माणसानं औषध म्हणून रोज परत यावं, ही व्यवस्था आपण लावलीत. साहेब, एका म्हाताऱ्या बाईला तिच्याच डोक्याला जखमा करायला लावणं हे आपल्या इतमामाला शोभत नाही. मला याचा संताप येतो आणि तो लपवण्याइतकी मी सभ्य नाही.

आयुर्वेदाचार्य वाग्भटांचं आणि आपलं मात्र फारसं जमलं नसतं. ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानात, दिनचर्येच्या अध्यायात, त्यांनी गरम पाण्याविषयी स्पष्ट लिहून ठेवलं आहे : मानेखालच्या अंगावर ऊन पाणी घेतलं तर ते बळ देतं, आणि तेच डोक्यावर घेतलं तर केसांचं आणि डोळ्यांचं बळ हरतं. तेव्हा आपण नव्हता, आपली वायरही नव्हती. आजचे त्वचारोगतज्ज्ञ वेगळ्या शब्दांत आणि वेगळ्या कारणांनी कोरड्या त्वचेच्या माणसाला तेच सांगतात : पाणी कोमट घ्या, आंघोळ आटोपशीर करा.

आपण एकटे नाही आहात, हे मला ठाऊक आहे. आपल्या दरबारातल्या इतर मानकऱ्यांचाही उल्लेख केला नाही तर त्यांना वाईट वाटेल.

अंगाच्या साबणाची वडी हे त्यांतले ज्येष्ठ. घरातले पुरुष ‘वेगळं काय करायचं’ म्हणत तीच वडी डोक्यावर फिरवतात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच पाचच्या आसपास. साबणाचा पीएच नऊ-दहा. त्यातून पाणी जड असेल तर साबणाचा कॅल्शियमशी संयोग होऊन चिकट साका बनतो आणि तो केसांत नि टाळूवर बसतो. केस धुतले तरी राठ लागतात ते यामुळे. मग पुन्हा साबण.

जड पाणी म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन पाणी. शहरांच्या कडेला नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या, नळाला पुरेसं पाणी नाही, म्हणून बोअर आणि टँकर. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात काठिण्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्याची मुभा आहे. बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी पहिली मर्यादा सहज ओलांडतं. आणि साहेब, पाणी जितकं जास्त तापवाल तितके त्यातले कॅल्शियमचे क्षार जास्त खाली बसतात. प्लंबर आपलं पोट उघडतो तेव्हा कॉइलवर जो पांढरा दगडी थर निघतो, तो त्याच क्षारांचा. बटण खाली आणलं तर आपलंही आयुष्य वाढेल. हे आपल्या भल्यासाठी सांगते आहे. जड पाणी असलेल्या घरांनी निदान शेवटचे दोन तांबे तरी आरओच्या पाण्याचे घ्यावेत, आणि जमत असेल तर सोसायटीनं मिळून पाणी मृदू करणारं यंत्र बसवावं.

शाम्पूबद्दल मी फार बोलणार नाही. त्याला गुन्हेगार ठरवणं सोपं आहे, पण मुंबईच्या घामात लोकल पकडणाऱ्या माणसाला किंवा दिवसभर हेल्मेट घालणाऱ्याला तो लागतो. तेलकट टाळू असेल त्यानं तो एक दिवसाआड वापरावा, कोरडी असेल त्यानं आठवड्यातून एक-दोनदा. मगभर पाण्यात थोडा मिसळून, बोटांच्या पेरांनी, टाळूलाच लावावा. केसांची टोकं वाहत्या फेसानं आपोआप धुतली जातात. नखं लावू नयेत. फेस जितका जास्त तितकी स्वच्छता जास्त, हे कुणी शिकवलं कोण जाणे. बोट फिरवल्यावर केस कुरकुर वाजले म्हणजे तेल गेलं, एवढंच समजावं. शिकेकाईला मुळातच फेस कमी येतो आणि तिचं पाणी सौम्य आम्लधर्मी असतं, म्हणून ती ज्यांना मानवते त्यांनी खुशाल वापरावी. रिठा त्यापेक्षा कडक, तो कोरड्या टाळूला बेतानं.

आणि लिंबू? आणि खायचा सोडा? या दोघांना स्वयंपाकघरात परत पाठवावं. एक फार आंबट, दुसरा क्षारधर्मी. खाजवून सोललेल्या टाळूवर लिंबू चोळणाऱ्या मुलीचा चेहरा ज्यानं पाहिला असेल, त्याला आणखी सांगायला नको.

तेलाचा विषय नाजूक आहे, कारण इथे प्रत्येक घरात एक तज्ज्ञ असतो. आपण तेल काढून नेता आणि आम्ही ते बाटलीतून परत ओततो. इथपर्यंत हिशेब बरोबर दिसतो. पण तेलात पाणी नसतं. तेल ओलावा देत नाही, असलेला ओलावा उडू देत नाही. म्हणून कोरड्या, पांढऱ्या भुरभुरीवर न्हाण्याआधी तासभर हलक्या हातानं लावलेलं खोबरेल उपयोगी पडतं. केसांसाठी तर खोबरेलाची बाजू प्रयोगातही भक्कम ठरली आहे : २००३ साली मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केसांतल्या प्रथिनांची झीज खोबरेलानंच कमी झाली. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे होते, हे वाचकानं लक्षात ठेवावं, पण निष्कर्ष रसायनशास्त्राला धरून आहे. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असतो, तो केसाच्या आत शिरतो.

मात्र प्रत्येक भुरभुर कोरडेपणाची नसते. खरा कोंडा बऱ्याचदा तेलकट टाळूवर होतो. मॅलसेझिया नावाची यीस्टसारखी बुरशी आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर राहते, तिचं अन्नच टाळूवरचं तेल. ते पचवताना ती जी द्रव्यं मागे टाकते, त्यांनी काहींची त्वचा चिडते आणि पेशी घाईघाईनं, पापुद्र्यांनी गळू लागतात. हे पापुद्रे मोठे, पिवळट, चिकट असतात आणि त्याखालची त्वचा लालसर. अशा डोक्यावर ‘कोरडं पडलंय गं’ म्हणत रात्रभर तेल थापणं म्हणजे त्या बुरशीला जेवू घालणं. इथे किटोकोनॅझोलसारखं औषध असलेला शाम्पू लागतो, तोही डॉक्टरांना विचारून. बारीक, कोरडी, पांढरी पूड आणि ताणलेली कातडी असेल तर पाणी कोमट करा, धुणं कमी करा, थोडं तेल लावा. मोठे तेलकट पापुद्रे असतील तर तेल थांबवा. एवढा फरक ओळखला तर घराघरातली निम्मी भांडणं मिटतील.

काही जण सांगतात, पाणी भरपूर प्या, टाळू ओली राहील. तहान लागेल तितकं पाणी जरूर प्यावं, उन्हाळ्यात तहानेआधीही प्यावं. पण तीन बाटल्या जास्त प्यायल्या म्हणून ते पाणी टाळूत साठत नाही, मूत्रपिंड ते बाहेर काढतं. टाळूतला ओलावा टिकतो तो वरचा थर शाबूत असल्यामुळे. म्हणून ओल्या डोक्यानं पंख्याखाली किंवा एसीच्या झोताखाली बसू नये. पंच्यानं खसाखसा घासू नये, दाबून टिपावं. ओले केस घट्ट बांधून त्यावर हेल्मेट घालू नये. उन्हात ओढणी, टोपी, छत्री, जे हाताशी असेल ते घ्यावं, भांगातली कातडी उघडीच असते आणि तीही करपते. जेवणात शेंगदाणे, तीळ, जवसाची चटणी, डाळी असाव्यात. चरबी अजिबात न खाणाऱ्या माणसाची त्वचा आधी रुसते.

साहेब, मी आपला वीजपुरवठा तोडायला निघालेली नाही. थंडीत सांधे आखडलेल्या माणसाला ऊन पाणी हवं, दिवसभर उभं राहून आलेल्या बाईच्या पाठीला हवं. ते सुख आपण देता आणि त्याबद्दलचे आभार मनापासून आहेत. मानेखालचं सगळं राज्य आपलं. डोकं तेवढं सोडा. त्यासाठी वेगळी बादली भरली जाईल, तिच्यात विसण घातलं जाईल आणि तांब्यानं घेतलं जाईल. या बादलीला आपण आपला अपमान समजू नये.

आईच्या न्हाणीघरातलं आपलं बटण मी खाली फिरवलं आहे आणि शॉवरऐवजी बादली ठेवली आहे. ती कुरकुरते, पाणी ‘नुसतं कोमट’ आहे म्हणते. कुरकुरू दे. तिच्या डोक्यावरचे ओरखडे भरून येणं मला तिच्या कुरकुरीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

कळावे, लोभ असावा. तापमान कमी असावे ही विनंती.

आपली नम्र,
एक भाजलेली टाळू

ता. क. : हे पत्र साहेबांना वाचता येत नाही, तेव्हा हा मजकूर तुमच्यासाठी. उद्या सकाळी आंघोळीआधी गीझरचं बटण बघा, ते शेवटच्या टोकाला असेल तर मागे आणा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बादलीत एकदा स्वतः हात घालून पाहा. कोमट पाण्यानं आणि कमी धुण्यानं तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा जाड चंदेरी खपल्यांचे चट्टे दिसले, केस जागोजाग गळू लागले, लहान मुलाच्या डोक्यावर गोल टक्कल पडलं, तर तेल, लिंबू आणि शेजारणीचा सल्ला बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.